एका पटावरचं शहाणपण दुसऱ्या पटावर

एक कोडं आहे. एका रुग्णाच्या पोटात गाठ आहे आणि शस्त्रक्रिया करता येत नाही. एका किरणानं ती गाठ जाळता येते, पण त्यासाठी किरण तीव्र हवा, आणि तीव्र किरण वाटेतलं निरोगी मांसही जाळतो. तीव्रता कमी केली तर मांस वाचतं, पण गाठही वाचते. डॉक्टरांनी काय करावं?

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मांडलेलं हे कोडं १९८० साली मिशिगन विद्यापीठातल्या मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी पुन्हा हाती घेतलं. कोडं देण्याआधी त्यांनी काही जणांना एक गोष्ट वाचायला दिली. एका हुकूमशहाचा किल्ला आहे. चारी दिशांनी तिथे रस्ते जातात आणि प्रत्येक रस्त्यात सुरुंग पेरलेले आहेत. मूठभर माणसं गेली तर काही होत नाही, मोठी फौज गेली की सुरुंग उडतात. किल्ला घ्यायला मात्र सगळी फौज लागणार. सेनापती फौजेच्या लहान लहान तुकड्या करतो, प्रत्येकीला वेगळ्या रस्त्यानं धाडतो आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्याशी पोचतील असं बघतो. किल्ला पडतो.

कोड्याचं उत्तर आता तुम्हाला दिसलं असेल. अनेक बाजूंनी अनेक सौम्य किरण सोडायचे आणि ते गाठीपाशीच एकत्र येतील असं करायचं. किल्ल्याची गोष्ट न वाचलेल्यांपैकी शंभरात दहाएक जणांनाच उत्तर सापडलं. गोष्ट वाचलेल्यांना ‘त्या गोष्टीचा उपयोग करून बघा’ एवढं सांगितलं, की शंभरातल्या पाऊणशेंना ते सापडायचं. खरा धक्का आहे तो मधल्या गटाचा. या लोकांनी गोष्ट नुकतीच वाचलेली होती, पण तिचा उपयोग करा असं त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना उत्तर सुचलंच नाही. ते काही मिनिटांपूर्वीच त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं होतं, तरी कामी आलं नाही.

एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालत जात नाही. ते उचलून न्यावं लागतं. मला हे फार विलक्षण वाटतं, आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतं एका खेळात. त्या खेळाचं नाव मिनिएचर वॉरगेम. इथे चांगलं खेळायला शिकायचं, तर बुद्धिबळ, बॅकगॅमन, पत्ते, अगदी कबड्डीसुद्धा कामाला येते. पण प्रत्येक खेळातून नेमकं काय उचलायचं हे कळलं तरच.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक मोठं टेबल असतं. वॉरहॅमर ४०,००० हा या प्रकारातला सगळ्यात गाजलेला खेळ. त्याच्या नेहमीच्या डावाला सुमारे ४४ इंच बाय ६० इंच जागा लागते. टेबलावर पडकी घरं, टेकड्या, झाडी मांडतात. दोन्ही बाजूंना बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक असतात, खेळाडूंनी स्वतः चिकटवलेले आणि बारीक ब्रशनं रंगवलेले. प्रत्येक तुकडीला गुणांत किंमत असते आणि दोघांनी ठरलेल्या बेरजेत, बहुधा २००० गुणांत, आपापली फौज घरूनच निवडून आणायची असते. पटावर घरं नाहीत. सैनिक सहा इंच चालतो म्हणजे मेजर टेप लावून सहा इंच. गोळी लागली का, जखम झाली का, चिलखतानं वाचवलं का, हे सगळं फासे ठरवतात, आणि एका डावात शेकडो वेळा फासे पडतात. पाच फेऱ्या झाल्या की डाव संपतो. टेबलावर ठरवून दिलेली ठाणी ज्यानं जास्त काळ ताब्यात ठेवली, त्याचे गुण जास्त.

या खेळाचा जन्मच उसनवारीतून झाला. आपल्याकडच्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगं पटावर उतरली. तो खेळ इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला, बुद्धिबळ झाला. १७८० साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथले गणिताचे शिक्षक योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट ताणून सोळाशेहून अधिक घरांचा केला. कुठे डोंगर, कुठे नदी, कुठे दलदल, अशी त्यांनी घरं रंगवली आणि त्यांवर तोफा आणल्या. पाया बुद्धिबळाचाच ठेवला, कारण बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हा नवा खेळ ओळखीचा वाटावा अशी त्यांची इच्छा होती.

त्यानंतर प्रशियात राइसविट्स बापलेक आले. वडिलांनी १८१२ साली राजाला जो खेळ दाखवला, त्यात घरं पुसून टाकलेली होती. तुकड्या जमिनीवर मोकळेपणानं फिरू लागल्या. मुलानं १८२४ साली तो १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला. एक फेरी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं. मारामारीचा निकाल फासे आणि तक्ते द्यायचे, मध्ये एक पंच बसायचा. बुद्धिबळात सोंगटी एकतर जिवंत असते किंवा मेलेली. इथे तुकडीला थोडं थोडं नुकसान होऊ लागलं. आजच्या व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर जी ‘लाइफ’ची पट्टी कमी होत जाते, तिचे पूर्वज इथे सापडतात. प्रशियाच्या सेनाप्रमुखांना हा खेळ इतका पटला की तो सैन्याच्या शिक्षणात शिरला. पुढे १९१३ साली, पहिलं महायुद्ध पेटण्याच्या आदल्या वर्षी, एच. जी. वेल्स यांनी घरातल्या जमिनीवर शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगची खेळण्यातली तोफ घेऊन खेळायचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. १९८३ साली इंग्लंडमध्ये वॉरहॅमर आलं आणि १९८७ साली त्याची अंतराळातली आवृत्ती, वॉरहॅमर ४०,०००. म्हणजे पट बुद्धिबळाचा, फासे जुगाऱ्यांचे, नकाशे लष्कराचे आणि शिपाई मुलांच्या खेळण्यांतले. आज तर मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या कडेला बुद्धिबळाचं घड्याळही असतं.

इतकी नाती असलेल्या या टेबलाशी एखादा बुद्धिबळाचा उस्ताद येऊन बसला, तर तो लगेच जिंकेल का? नाही जिंकणार, आणि त्याचं कारणही एका प्रयोगात सापडतं. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना एका खऱ्या डावाच्या मध्यावरची स्थिती पाच सेकंद दाखवली आणि रिकाम्या पटावर ती पुन्हा मांडायला सांगितली. उस्तादानं सोळाच्या आसपास सोंगट्या बरोबर ठेवल्या, नवख्यानं चारएक. मग त्यांनी तेवढ्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या आणि पुन्हा तेच करायला सांगितलं. आता उस्तादालाही नवख्याइतक्याच आठवल्या. त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हतीच. हजारो डावांतून त्याच्या डोळ्यांना ओळखीच्या आकृत्या दिसू लागल्या होत्या, आणि त्या आकृत्या गेल्या की त्याचं बळही गेलं. मिनिएचरच्या टेबलावर बुद्धिबळाच्या त्या आकृत्या नसतात. म्हणून आकृत्या घरीच ठेवायच्या आणि त्यांच्यामागचं तत्त्व तेवढं सोबत घ्यायचं.

हे नेमकं कसं करायचं? बॅकगॅमनच्या उदाहरणातून मला ते सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून तिथे जरा थांबतो.

बॅकगॅमन हा दोन फाशांचा खेळ. तुमची एकटी सोंगटी उघड्यावर असली आणि प्रतिस्पर्ध्याला तिच्यावर येऊन आदळता आलं, तर ती मरते. दोन फाशांचे एकूण ३६ प्रकार पडतात. प्रतिस्पर्धी तुमच्यापासून बरोबर ६ घरांवर असेल आणि मधली घरं मोकळी असतील, तर त्यातले १७ प्रकार तुम्हाला मारतात: एका फाशावर सहा आलेले ११, पाच-एकचे दोन, चार-दोनचे दोन, दुहेरी तीनचा एक आणि दुहेरी दोनचा एक. आता समजा, तुम्ही एकच घर मागे आहात. अंतर ७ झालं. मारणारे प्रकार उरतात फक्त ६. एका घरानं धोका जवळपास दोन-तृतीयांशानं कमी झाला. मुरलेला बॅकगॅमन खेळाडू याचा हिशेब करत बसत नाही. त्याचा हात आपोआप सातव्या घराकडे जातो.

आता हा माणूस मिनिएचरच्या टेबलाशी आला. इथे तुकडीनं शत्रूवर धाव घ्यायची असेल तर दोन फासे टाकायचे आणि बेरजेइतके इंच धावायचं. नियमांतले बारकावे सध्या बाजूला ठेवू. अंतर ७ इंच असेल तर यश ३६ पैकी २१ वेळा, म्हणजे शेकडा ५८. आठ इंचांना १५ वेळा, शेकडा ४२. नऊला १० वेळा, शेकडा २८. अकरा इंचांना ३ वेळा आणि बारा इंचांना एकदाच. दोन फाशांवर ७ ही बेरीज सगळ्यात जास्त वेळा पडते, म्हणून सातवरून आठवर सरकलेला इंच सगळ्यात महाग. तिथे ३६ पैकी सहा शक्यता एकदम गळतात. अकरावरून बारावर सरकून मात्र फक्त दोन शक्यता वाचतात.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. बॅकगॅमनवाल्यानं ‘सात घरांवर उभं राहावं’ असा धडा नेला, तर तो इथे हरेल. इथे सात इंचांवर उभं राहणं हा धोका आहे, आसरा सुरू होतो तो आठच्या पुढे. पण ‘प्रत्येक पावलाची किंमत सारखी नसते, कडा कुठे आहे ते आधी शोध’ हा धडा त्यानं नेला, तर टेपच्या एका इंचात त्याला जे दिसेल ते वर्षानुवर्षं खेळणाऱ्या कित्येकांना दिसत नाही. आकडा इकडेच राहतो, तत्त्व पलीकडे जातं.

फाशांचं गणित युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत रुजलं: आधी कार्दानो, मग १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार. त्याच्या कितीतरी आधी आपल्या महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट आली आहे. फाशांत राज्य गमावलेला नळ बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे आणि दमयंतीच्या गावी, विदर्भाकडे रथ धावतो आहे. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं आणि राजा त्याच्या फांद्यांवरच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, मोजून बघतो, संख्या बरोबर निघते. ऋतुपर्ण म्हणतो की त्याला फाशांचं रहस्य कळतं आणि मोजण्यातही तो निपुण आहे. त्या काळी जुगार बेहड्याच्या फळांवरच चालायचा. नळ त्याला अश्वविद्या देतो आणि त्या बदल्यात अक्षविद्या घेतो, आणि पुढे त्याच विद्येवर राज्य परत जिंकतो. झाडाची पानं मोजणं आणि फासे जिंकणं ही एकच विद्या आहे, हे त्या कथाकाराला कळलं होतं. मला हा आपल्या साहित्यातला सगळ्यात आधुनिक प्रसंग वाटतो.

फाशांबद्दल आणखी एक गोष्ट पोकरवाल्यांकडून घ्यावी. समजा तुमच्या तुकडीनं १८ गोळ्या झाडल्या. नेम लागण्याची शक्यता दोन-तृतीयांश, जखम होण्याची निम्मी, चिलखत भेदण्याची एक-तृतीयांश. गुणाकार एक-नवमांश. अठराला नऊनं भागलं की सरासरी दोन शत्रू पडायला हवेत. समोर दोनच शत्रू उरलेत, काम झालं असं समजून तुम्ही पुढची सगळी आखणी करता. पण सरासरी दोन याचा अर्थ दोन नक्की पडतील असा नाही. दोन किंवा अधिक पडण्याची शक्यता शेकडा ६१च आहे. आणि एकही न पडण्याची? शेकडा १२, म्हणजे साधारण आठांत एकदा. ज्या योजनेत असे तीन वार ओळीनं साधले पाहिजेत, ती चारांत तीनहून अधिक वेळा फसते.

पोकर खेळणारे हे रोज सोसतात. चांगल्या पत्त्यांवर योग्य पैज लावूनही हरावं लागतं, म्हणून निर्णय आणि निकाल वेगवेगळे तपासायची सवय त्यांनी लावून घेतली. डाव हरल्यावर त्यांचा प्रश्न असतो: तेव्हा जे माहीत होतं त्यावरून ते बरोबर होतं का? मिनिएचरच्या टेबलावर ‘आज फासेच फिरले’ हे वाक्य फार ऐकू येतं. कधी कधी ते खरंही असतं. पण ते वाक्य म्हटलं की तपास तिथेच थांबतो आणि शिकणंही थांबतं. यातूनच पुढे निघते ती क्रमाची शिस्त: ज्याला फासे लागत नाहीत ते आधी उरकायचं, मग ज्या फाशाच्या निकालावर बाकीचं अवलंबून आहे तो टाकायचा, आणि सगळ्यात मोलाची तुकडी शेवटपर्यंत हातात राखायची.

आता बुद्धिबळाकडे वळू. त्यातलं सगळ्यात सुंदर उसनं मला वाटतं ते नाइलाजाच्या चालीचं. बुद्धिबळात शेवटी शेवटी अशी वेळ येते की स्थिती उत्तम आहे, पण चाल करावीच लागते आणि कोणतीही चाल केली तरी नुकसानच. जर्मन भाषेतून आलेला त्सुगत्स्वांग हा शब्द यासाठी जगभर वापरतात. अशा वेळी ज्याच्याकडे एखाद्या प्याद्याची निरुपद्रवी चाल शिल्लक असते तो ती करतो, आणि नाइलाज समोरच्याच्या गळ्यात पडतो. वॉरहॅमर ४०,०००मध्ये एक खेळाडू सगळी फौज हलवतो, मग दुसरा. पण कित्येक मिनिएचर खेळांत दोघं आळीपाळीनं एकेक तुकडी हलवतात. तिथे हेच नाट्य जसंच्या तसं घडतं. माझ्याकडे दहा तुकड्या, तुमच्याकडे सहा. मी मागे उभ्या असलेल्या चार स्वस्त तुकड्या इकडून तिकडे सरकवत बसतो. तुमच्या तुकड्या संपत येतात आणि तुमच्या सरदाराला उघड्यावर यावंच लागतं. मग माझा सरदार निघतो. त्या चार दुबळ्या तुकड्यांनी एकही गोळी झाडली नाही, तरी डाव त्यांनीच फिरवला. काही खेळांच्या नियमकर्त्यांना हे इतकं खटकलं की कमी तुकड्या असलेल्या बाजूला ‘पास’ म्हणायची मुभा द्यावी लागली. बुद्धिबळात प्याद्याच्या सुट्या चाली मोजलेल्या माणसाला हे सगळं टेबलाशी बसताक्षणी दिसू शकतं. इतरांना ते कळायला बरेच डाव गमवावे लागतात.

बुद्धिबळ चुकीचंही शिकवतं, हे मात्र सांगितलं पाहिजे. तिथे राजा पडला की सगळं संपलं, म्हणून बुद्धिबळवाला समोरच्या सरदाराच्या मागे लागतो आणि ठाण्यांकडे त्याचं लक्षच नसतं. तिथे मारलेली सोंगटी नक्की मरते. इथे मारायला गेलेला हात रिकामा परत येऊ शकतो. सहा चाली पुढचं पाहण्यात तो घड्याळाची मिनिटं घालवतो आणि पहिल्याच फाशानं ती सगळी गणितं पुसली जातात. पत्त्यांच्या खेळांतून येणाऱ्यांची खोड वेगळी. घरी बसून सर्वोत्तम फौज जमवली की अर्धी लढाई जिंकली असं त्यांना वाटतं; टेबलावरच्या इंचांची सवय व्हायला त्यांना वेळ लागतो. व्हिडिओ गेमवाल्यांकडे हाताचा वेग असतो, त्याचा इथे काही उपयोग नाही.

तरी पत्त्यांनी दिलेली एक गोष्ट अमोल आहे. मॅजिक: द गॅदरिंग हा रिचर्ड गारफिल्ड यांचा १९९३ सालचा पत्त्यांचा खेळ. त्यात प्रत्येक जण आपला पत्त्यांचा जोड घरूनच बांधून आणतो, मिनिएचरमधल्या फौजेसारखा. १९९९ साली माइक फ्लोरेस यांनी एका लेखात म्हटलं की प्रत्येक डावात एक जण चढाई करणारा असतो आणि दुसरा थोपवणारा, आणि आपण यातले कोण हे चुकीचं ओळखणं म्हणजे डाव हरणं. दोघांचे जोड बरेचसे सारखे असले तरी हे लागू पडतं. तुमची फौज आक्रमक आहे म्हणून प्रत्येक डावात तुम्ही धावून जावं असं नाही. समोरचा तुमच्याहून आक्रमक असेल, तर आज थोपवणारे तुम्ही आहात. ओळखायचं कसं? डाव लांबला तर फायदा कुणाचा, एवढंच विचारायचं. फायदा त्याचा असेल, तर घाई तुम्हाला आहे.

आपल्या वाचकांना हे समजायला पत्तेही नकोत. कबड्डीची शेवटची दोन मिनिटं आठवा. आघाडीवर असलेल्या संघाचा चढाईपटू येतो, निदानरेषा ओलांडतो, कुणाच्या अंगाला हात न लावता तीस सेकंद काढतो आणि परत जातो. गुण शून्य, पण ती चढाई वाया गेलेली नाही, कारण घाई समोरच्यांना आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, हा नियम याच कालहरणाला लगाम घालायला आला. आणि बोनस रेषा पाहा! समोर सहा किंवा सात बचावपटू असताना, मागचा पाय हवेत ठेवून पुढचा पाय त्या रेषेपलीकडे टेकवला, की कुणालाही बाद न करता गुण मिळतो.

मिनिएचरच्या टेबलावर नवखा खेळाडू ही गोष्ट सगळ्यात उशिरा शिकतो, असं माझं निरीक्षण आहे. रंगवलेले शिपाई, तोफा, रणगाडे समोर दिसले की मन मारामारीकडे ओढलं जातं. समोरची अर्धी फौज कापून काढल्यावर गुण मोजले जातात आणि तो हरलेला निघतो, कारण समोरच्यानं दर फेरीत पाच-सहा स्वस्त शिपाई कुठल्या तरी ठाण्यावर नेऊन ठेवले, गुण घेतले आणि ते मरू दिले. त्यांना मारायला महागडी तुकडी आडोशाबाहेर आली की तिचाही निकाल लावला. ज्यानं शाळेच्या मैदानात कबड्डी खेळली आहे त्याला हे सगळं माहीत आहे. बाद किती केले यापेक्षा फलकावर काय लागलं ते महत्त्वाचं, हे त्याच्या पायांना ठाऊक आहे. टेबलाशी मात्र ते त्याला आठवत नाही, किल्ल्याची गोष्ट वाचलेल्यांना जसं गाठीचं उत्तर सुचलं नव्हतं तसंच.

मग आठवावं कसं? गिक आणि होलिओक यांनी १९८३ साली पुढचे प्रयोग केले आणि त्यात उत्तर सापडतं. एकाऐवजी दोन गोष्टी द्या, वरवर वेगळ्या पण आतून सारख्या. आणि त्या नुसत्या वाचायला लावू नका. त्यांत सारखं काय आहे ते लोकांनाच आपल्या शब्दांत लिहायला सांगा. जे लोक नेमकं साम्य लिहू शकले, त्यांना नवं कोडं फार जास्त वेळा सुटलं. एका गोष्टीतून तत्त्व सुटं होत नाही, ते तिच्या तपशिलांना चिकटून राहतं. दोन शेजारी ठेवल्या की तपशील गळतात आणि उरतं ते कुठेही नेता येतं. म्हणूनच, एकच खेळ हजार वेळा खेळलेल्या माणसापेक्षा तीन खेळ मनापासून खेळलेला आणि त्यांची तुलना करणारा माणूस चौथा खेळ लवकर शिकेल, असं मला वाटतं.

याची सवय लावायला फार काही लागत नाही. डाव संपला की एक वाक्य लिहायचं, पण त्यात त्या खेळाचा एकही शब्द येऊ द्यायचा नाही. ‘माझ्या रणगाड्यानं फार लवकर तोफ डागली’ असं लिहू नका. ‘मी माझा सगळ्यात मोठा निर्णय समोरच्याच्या आधी उघड केला’ असं लिहा. पहिलं वाक्य त्या टेबलावरच राहतं. दुसरं ब्रिजला लागू पडतं, बुद्धिबळाला पडतं, कबड्डीलाही पडतं. मग वहीत मागे जाऊन असंच वाक्य आणखी कुठल्या खेळाखाली लिहिलं आहे का ते शोधायचं. सापडलं, तर दोन्ही डाव शेजारी ठेवून विचार करायचा.

हा खेळ महाग आहे म्हणून अडून राहू नका. रंगवलेल्या फौजेला खरोखरच बरेच पैसे आणि महिने लागतात, पण शिकायला त्याची गरज नाही. वेल्स खेळण्यातल्या शिपायांवर आणि घरातल्या जमिनीवर खेळले. जेवणाचं टेबल मोकळं करा, पुस्तकांच्या टेकड्या करा, बाटल्यांची झाकणं शिपाई म्हणून मांडा, शिंप्याची टेप आणि चार फासे घ्या. सोपे नियम फुकट मिळतात. समोर मात्र असा माणूस बसवा, ज्याचा आवडता खेळ तुमच्यापेक्षा वेगळा आहे. आणि डाव संपल्यावर त्याला नक्की विचारा, त्याच्या खेळात अशा वेळी काय करतात.